गाबोळी नसलेलं पापलेट
हडपसरच्या मंडईत माझ्या गाळ्यावर बर्फाची पेटी उघडली की गार, खारट वास येतो आणि मला ती मावशी आठवते. माझा माल तिच्या मुलाच्या बोटीवरून यायचा. डॉक्टरला गुडघे दाखवायला ती पुण्यात आली, तेव्हा गाळा बघायला थांबली. मी ऐटीत तळहाताएवढ्या पापलेटांचा ढीग दाखवला. ताटात अख्खा मासा वाढायला खानावळवाले हीच मागायचे. ती म्हणाली, "भाऊ, ही पिल्लं आहेत. विकू नका." माझी शाळा चौथीत सुटली, पण मासळीतलं मला कुणी शिकवलेलं खपत नाही. म्हणालो, "मावशी, तुमचाच मुलगा पाठवतो. आधी त्याला सांगा." "रोज सांगते. तो म्हणतो, पुण्याचे शेठ मागतात." मग तिनं माझाच कोयता घेऊन एक मासा चिरला. "यात गाबोळी कधी सापडली तुम्हाला?" जन्मभर मासे कापले, पण लहान पापलेटात अंडी कधीच दिसली नव्हती, आणि का नाही, हे डोक्यात आलं नव्हतं. अंडी घालायच्या वयाला येण्याआधीच ती माझ्या फळीवर येत होती. तरी तिच्यासमोर मी हो म्हणालो नाही. ती गेल्यावर तिच्या मुलाला फोन केला, लहान पाठवू नकोस. माझा एक खानावळवाला पलीकडच्या गाळ्यावर गेला, जाताना म्हणाला, "काका, आता समुद्र तुम्हीच राखणार वाटतं!" एकट्यानं काय राखणार? मोठं पापलेट हल्ली क्वचितच येतं, आणि पलीकडे पिल्लांचा ढीग अजून लागतो. माझ्या फळीवर मात्र मी बसलोय तोवर लागणार नाही.