सुरेखाचा भात आणि दादाचं पाणी

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. पहाटे मी, लता आणि सुरेखा खोडदच्या रस्त्यानं फिरायला निघतो. धुक्यात रेडिओ दुर्बिणीच्या त्या भल्यामोठ्या अँटेना आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात. त्यांच्याकडं बघत आम्ही अर्धवट झोपेतच बोलत असतो आणि किस्से आपोआप साठत जातात. आमचे बहुतेक किस्से सुरेखाच्या भाताचे आहेत.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. निरगुडसरला तिचा थोरला भाऊ, दत्तादादा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. सुरेखाची जुळली, पण डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचं वजन उतरवा, मग ऑपरेशन." तिकडं दादाचं डायलिसिस चालू आणि इकडं हिचा जीव भातात अडकलेला!

*

लतानं सुरेखाच्या मोबाइलवर कॅलरीचं ॲप टाकून दिलं. सुरेखानं छोटा वजनकाटा आणला, शिजलेला भात मोजला आणि ॲपमध्ये कच्चा तांदूळ निवडून तेच वजन टाकलं. झालं! ॲप रोज दुपारीच सांगायचं, आजचा कोटा संपला. बिचारी रात्री नुसतं ताक पिऊन झोपायची. एके सकाळी चालता चालता मटकन खालीच बसली.

लतानं ॲप बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, शिजताना तांदूळ पाणी पितो, म्हणून वजन वाढतं. तू पाण्याच्या पण कॅलरी धरतीस व्हय!"

"म्हंजी इतके दिस मी पाण्यापायी उपाशी व्हते?"

आम्ही तिला घरी नेऊन चपाती खायला घातली. ती तिनं आधी मोजून घेतली!

*

मग ठरलं, तांदूळ कच्चाच मोजायचा. पण सगळ्या घराच्या कुकरमधला आपला भात ओळखायचा कसा? सुरेखानं आपले मोजलेले तांदूळ वेगळ्या डब्यात घालून त्याच कुकरमध्ये लावले. सासूबाईंनी झाकण उघडलं, दोन डबे बघितले आणि डोळ्याला पदर लावला. "सुनबाईनं येगळी चूल मांडली गं बाई!"

संध्याकाळी चुलत दीर दारात हजर. "वहिनी, वाटणीत विहिरीकडचा तुकडा कुणाला?"

सासूबाईंना खरं कारण कळलं. दुसऱ्या दिवसापासून तो डबा त्या स्वतः मोजून लावू लागल्या.

*

लोणीला वास्तुशांतीचं जेवण होतं. पानात मासवडी पडली आणि सुरेखानं पिशवीतून वजनकाटा काढला. वाढणारा तिथंच थबकला.

"ताई, आमी कुणाला कमी वाढत न्हाई वो. खुशाल मोजा!"

आणि त्यानं तिच्या पानात अजून दोन वड्या टाकल्या.

*

एकदा दत्तादादा आमच्याबरोबर फिरायला आला. किडन्या पाणी बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून त्याला दिवसाचं पाणी मोजून एका बाटलीत मिळायचं. भातात मुरलेलं पाणीसुद्धा त्यातूनच वजा! सुरेखानं त्याला आपलं कच्च्या-शिजलेल्याचं गणित सांगितलं, तेव्हा तो लई हसला.

"सुरे, तुझ्या भातातलं पाणी सोडून बाकी मोजायचं, अन् माझ्या भातातलं पाणीच मोजायचं. एका ताटात जेवलो तर कसं गं?"

मग अँटेनांकडं बघत हळूच म्हणाला, "सपनात मी कालव्याला तोंड लावतो. पितो, पितो, अन् कालवा काय सरत न्हाई."

 

*

सुरेखाचं वजन उतरलं, ऑपरेशन पार पडलं. डॉक्टरांनी दादाला सांगितलं, आता भरपूर पाणी प्यायचं.

भाऊबीजेला दादा खोडदला आला. आम्ही दोघीही तिथंच होतो. सुरेखानं ओवाळलं, ताट वाढलं. दादानं घासाला हात लावायच्या आधी तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. सुरेखानं भरला. त्यानं तोही रिकामा केला आणि परत पुढं केला.

सासूबाईंना राहवेना. "पावणं, जेवणाला जागा ठेवा की!"

दादानं मिशा पुसल्या. "थांबा मावशी. यंदा ओवाळणी मला मिळालीया. ती जरा पिऊन बघतो!"

सुरेखानं तांब्या पुन्हा काठोकाठ भरला.