भिकाजीकाका काय बोलले होते

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. वडिलांना तर नाहीच — आणि त्यांना बहुतेक कळलं असावं. तुम्हाला का सांगतेय? तेही नीट कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं कारण पुरे आहे का?

तशी मी फार बोलकी बाई. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पोरांनी मागे 'रेडिओ' नाव ठेवलं होतं. पण या एका गोष्टीपाशी आले की माझी बोबडी वळते. इकडचं तिकडचं बोलत राहते. आताही तेच करतेय, बघा.

भिकाजीकाकांपासून सुरुवात करते. लालबागला आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, चार खोल्या सोडून ते राहायचे. आमच्याच गावचे, मालवणकडचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचं काम. वडिलांचे दोस्त. पण चाळीत त्यांचा मान होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. आमच्या गावच्या लोकांची चाळीत एक सामाईक खोली होती, गावकीची. तिथे पूजा असो, गणपती असो, गाऱ्हाणं घालायचे ते भिकाजीकाका. नारळ हातात घेऊन सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं — कुणाचं पोर आजारी, कुणाची सोयरीक अडलेली, कुणाची सून नांदत नाही — आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गाऱ्हाणं कुणीही घालत नाही. ज्याच्या शब्दाला मोल, त्यानेच घालायचं.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, एवढ्या सगळ्यांचं तुमच्या लक्षात कसं राहतं? म्हणाले, "लक्षात काय ठेवचा त्यात? तेनी सांगितला तसा सांगूचा. दुसऱ्याचा गाऱ्हाणा घालताना आपल्या पदरचा काय घालूचा नाय."

हे मला तोंडपाठ होतं. तरीही — असो, येते तिथे.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी मी बी.ए. होऊन गिरगावात एका पक्षाच्या कचेरीत टायपिस्ट होते. पक्ष कसला, चार वकील, सहा व्यापारी आणि एक जुनं टेबल. परंपरा, शिस्त, देश, धर्म असं बरंच काही त्यांच्या पत्रकांत असायचं. मी टाइप करायचे, विचार करायचे नाही. गिरण्या बंद, वडील घरी, आणि चाळीत त्या वेळी पगार आणणारी बाईमाणसं मोजकीच होती. त्यांतली एक मी. या गोष्टीचा मला गर्व होता हेही सांगून टाकते. वडिलांपुढे ताट वाढताना तो माझ्या हातात उतरायचा.

आमच्या कचेरीचे मुख्य म्हणजे वकीलसाहेब. त्यांनी एक दिवस मला आत बोलावून सांगितलं की देशोदेशीच्या परंपरावादी पक्षांनी मिळून एक आघाडी काढली आहे, आपल्याला तिच्यात घेणार आहेत, पण त्याआधी त्यांचे तिघं पाहुणे येऊन बघून जाणार आहेत. मला ते काही केल्या उमजेना. यातला प्रत्येक पक्ष म्हणणार, आपलाच देश थोर, आपलीच रीत खरी, परक्याला उंबरठ्याबाहेर ठेवा. मग हे एकमेकांच्या उंबरठ्यावर करतात काय? मी तसं विचारलं. वकीलसाहेब हसले. म्हणाले, "अगं, आपले देव वेगळे असले तरी डोकेदुखी एकच आहे ना? संप!"

मला तेव्हाही पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण मान मी डोलावली होती.

पाहुण्यांना संपाला कंटाळलेला एक कामगार भेटायला हवा होता. आपला पक्ष कामगारांतही आहे असं दिसायला हवं. वकीलसाहेब विचारात पडले, कारण लालबाग-परळमध्ये त्यांना कोण विचारतं? आणि तेव्हा मीच बोलले — माझी चाळ आहे की. कुणी मला भरीस घातलं नव्हतं. दुभाषी म्हणून मीच बसेन असंही मीच म्हटलं. वकीलसाहेब खूश. पुढच्या वर्षी आघाडीचं अधिवेशन परदेशात आहे, एक इंग्रजी जाणणारी मुलगी बरोबर न्यावीच लागेल, असं ते खिडकीकडे बघत सहज बोलल्यासारखं बोलले. मनाने मी ते अधिवेशन तेव्हाच पाहून आले होते.

वडील त्या आठवड्यात गावी गेले होते. मी भिकाजीकाकांना विचारलं, परदेशी पाहुण्यांना तुमच्याशी बोलायला आणू का? ते म्हणाले, "तू हाडतंस मां, मग येवंदेत." माझ्यावर विश्वास होता म्हणून — एवढंच कारण.

पाहुणे काकांच्या खोलीत आले. दोन पुरुष, त्यांतला एक गळ्यात कॅमेरा अडकवलेला, आणि एक उंच, पिकल्या केसांची बाई. तीच विचारणार, तीच लिहून घेणार. त्यांचा एक नियम होता. कामगाराशी बोलताना पुढारी नकोत, शेजारी नकोत, दार बंद हवं, म्हणजे माणूस मोकळेपणाने बोलतो. वकीलसाहेब बाहेर कठड्यापाशी थांबले. मी दार लावलं.

तुम्ही चाळीत राहिला असाल तर तुम्हाला सांगायला नको. चाळीत दिवसाढवळ्या दार लावत नाहीत. दार लावलं म्हणजे आत काहीतरी आहे — भांडण, नाहीतर लपवाछपवी. हे मला ठाऊक नव्हतं का? त्याच चाळीत जन्मले मी. पण पाहुण्यांसमोर गावंढळ दिसू नये म्हणून मी काही बोलले नाही, कडी घातली.

बाईंनी विचारलं, घरची परिस्थिती कशी आहे? मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "घरात तांदूळ नाय. बायको-पोरांक गावाक धाडलंय." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि भराभर लिहिलं. माझ्या तोंडातून निघतंय आणि तिच्या कागदावर उतरतंय — मला फार बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

मग काका पुढे म्हणाले, "पण म्हणान मी मागल्या दारान गिरणीत शिरतलंय? नाय. सगळे जातले तेव्हा मी जातलंय. आणि तेंका एक इचार. तेंच्याकडे पण गिरण्यो बंद पडल्यो म्हणतत. मग तेंच्या साचेवाल्यांचा पुढे काय झाला?"

मी तोंड उघडलं. बाईंचं पेन थांबलेलं होतं, ती माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हटलं — त्यांना कामावर परत जायचं आहे, पण ते संपवाल्यांना घाबरतात.

पेन पुन्हा चालू लागलं.

का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याची धार गेली. अधिवेशनासाठी? नोकरी जाईल म्हणून? की मनातल्या मनात मलाच वाटत होतं की संप मिटावा, वडिलांनी डबा घेऊन कामावर जावं, आणि काकांच्या तोंडात मी माझं गाऱ्हाणं घातलं? कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. कधी वाटतं, यातलं काहीच नव्हतं — मला फक्त ते थांबलेलं पेन बघवेना. एवढ्यासाठी कुणी असं करतं का?

काका उत्तराची वाट बघत होते. त्यांनी प्रश्न विचारला होता ना! मी त्यांना सांगितलं, बाई म्हणतायत की कळवतो. काका हसले, बाईंना हात जोडले. कॅमेरावाल्याने फोटो घेतला तो नेमका तेव्हाच.

पुढचं लवकर झालं. आघाडीने परदेशात एक गुळगुळीत पुस्तिका छापली, तिच्यात हात जोडलेले काका. वकीलसाहेबांनी त्या पानाचं मराठी पत्रक काढायचं ठरवलं, गिरण्यांच्या दारांवर वाटायला. मराठी कुणी केलं असेल? मीच. काकांनी जे मराठीत कधी उच्चारलं नव्हतं, ते मी इंग्रजीतून मराठीत आणलं. नाव खोडून टाका म्हणून वकीलसाहेबांना म्हटलं होतं मी, नाव खोडलंही. पण फोटो होता की. लालबागमध्ये भिकाजीकाकांना ओळखायला नाव कशाला लागतं?

चार दिवसांत काका फितूर ठरले. नळावर बायका गप्प व्हायच्या, पानवाला पाठ फिरवायचा. तरी म्हणूनच दार लावलं होतं, असं लोक म्हणू लागले. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. पोर काय, सांगतील ते करणार, पोटासाठी नोकरी करते बिचारी. हे 'बिचारी' मी कानांनी ऐकलं आणि गिळलं.

मग गावकीची बैठक बसली. वडील गावाहून परतले होते, भिंतीला टेकून बसले होते. ग्रामदेवतेच्या फोटोपुढे नारळ ठेवला होता. काकांनी तो उचलला. आवाज नेहमीचा, गाऱ्हाण्याचा. म्हणाले, असं मी बोललो असेन तर देव बघून घेईल. त्या दिवशी "व्हय म्हाराजा" कुणी म्हटलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरीक इचारा. ह्या होता थंयसर. ह्या खोटा बोलूचा नाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगायला एक क्षण पुरला असता. मी म्हणाले, "काका जे बोलले, तेच मी सांगितलं."

बस्स. एवढंच. हाच तो गुन्हा. आधीचं सगळं गोंधळात झालं म्हणता येईल, मी अजूनही गोंधळातच आहे. पण हे वाक्य बोलताना मी गोंधळलेली नव्हते. मला नीट ठाऊक होतं मी काय करतेय.

काका माझ्याकडे रागाने बघतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही. ते नुसते बघत राहिले, हिशेब चुकलेल्या मुलाने फळ्याकडे बघावं तसे. नारळ त्यांच्या हातून कुणीतरी काढून घेतला. त्या वर्षापासून गाऱ्हाणं दुसरं कुणी घालू लागलं.

वडील घरी आल्यावर जेवले नाहीत. मला काही विचारलंही नाही, तेव्हा नाही आणि मरेपर्यंत नाही. मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं.

अधिवेशनाला वकीलसाहेबांचा पुतण्या गेला. त्या आघाडीचं पुढे काय झालं मला माहीत नाही, आमचा पक्षही एक-दोन वर्षांत टेबलासकट उठला. मी बी.एड. केलं, शाळेत लागले, लग्न होऊन दादरला आले. संप कधी संपला म्हणाल? मला सांगता येणार नाही, तो संपला असं कुणी जाहीर केल्याचं आठवतच नाही. गिरणी काही पुन्हा नीट सुरू झाली नाही. काकांनी कुठेतरी रखवालदारी धरली. गणपतीत मी माहेरी जायचे तेव्हा आरतीला ते मागे, दाराशी उभे असायचे. गाऱ्हाणं सुरू झालं की बाकीच्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणायचे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे, आणि ते मात्र मला दरवेळी विचारायचे, "बरी असस मां गो?"

ते फार थकलेत असं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. मोसंबी घेऊन गेले, सगळे नेतात तशी. काकी केव्हाच गेल्या होत्या, सून कामावर होती. खोलीचं दार सताड उघडं. मी बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं — मालवणातला पाऊस, कोण गेलं, कोण राहिलं, चाळ पाडून टॉवर कधी होणार. मग ते म्हणाले, "दार लावन घे गो जरा."

मी दार लावलं. मला वाटलं, आता विचारणार. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. असं मला वाटतं. नक्की नाही सांगू शकत.

ते छताकडे बघत बोलत होते. म्हणाले, "मी लय इचार केलंय. इतकी वर्सा झाली. माका आठवता ता येगळा, पन तेव्हा पोटात अन्न नाय होता, डोक्याचो काय भरवसो? आणि तू कित्याक खोटा बोलतलंस? तू तर आमचा पोर." थोडं थांबले, दम लागला होता. "माज्याच तोंडातसून तसा गेला असतला. मी नारळ उचललंय, देवासमोर खोटी आण घेतलंय. आता जाताना मनाक लागता. तूच सांग — माज्याच तोंडातसून गेला ना?"

खोलीत आम्ही दोघंच होतो. दार लावलेलं होतं. ऐकणारं कुणी नव्हतं, माझं काही जाणार नव्हतं, कचेरी नव्हती, संप नव्हता. ते मान वळवून माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "व्हय."

त्यांनी डोळे मिटले. मी एक मोसंबं सोलून बशीत ठेवलं, दार उघडलं, पहिल्यासारखं सताड, आणि घरी आले.