दुर्विदग्ध म्हणजे काय

रत्नागिरीतल्या कौलांवर टीव्हीच्या अँटेना दिसू लागल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होते आणि आम्हाला पुण्याहून नवे साहेब आले होते. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं की कोकणातली माणसं हुशार आहेत, फक्त त्यांना भाषा येत नाही. आम्ही आभार मानले. साहेब काहीही बोलले तरी आभार मानायचे, एवढी भाषा आम्हाला येत होती.

आमची भाषा सुधारावी म्हणून वार्षिक संमेलनात आजोबांच्याही आधीच्या काळातलं एक पौराणिक नाटक घेतलं गेलं. दिग्दर्शक साहेब. दुष्ट प्रधानही साहेबच, कारण एवढी लांब वाक्यं दुसऱ्या कुणाला झेपणार नाहीत असं त्यांचं मत होतं. राजकन्या मी. माझ्या अभिनयाचा त्यात काही संबंध नव्हता. कचेरीतली दुसरी बाई बाळंतपणाच्या रजेवर होती.

नाटकातलं वाक्य एकदा सुरू झालं की क्रियापद येईपर्यंत श्वास पुरायचा नाही. साहेब म्हणाले, "शब्द नुसते पाठ करू नका. वापरा! कचेरीतसुद्धा वापरा."

मग आम्ही वापरले. रजेच्या अर्जावर 'हरकत नाही'च्या जागी साहेब 'प्रत्यवाय नसावा' असं लिहू लागले आणि रजा मिळाली की नाही हे विचारायला माणसं एकमेकांच्या टेबलाशी जमू लागली. आमच्या आवक कारकुनाने तर कमाल केली. खिडकीपाशी एक म्हातारे शेतकरी कागद हातात धरून गोंधळून उभे होते. त्यांना तो म्हणाला, "आजोबा, असे किंकर्तव्यमूढ का झालात?"

"नाय हो," म्हातारे घाईघाईने म्हणाले, "मी हातखंबा गावचा."

शेवटच्या अंकात राजकन्या प्रधानाला भर दरबारात 'दुर्विदग्धा!' अशी हाक मारते. साहेबांनी तो शब्द आम्हाला फोडून दाखवला. "दुर् म्हणजे वाईट. विदग्ध म्हणजे भाजलेला. दुर्दैवाने होरपळलेला जीव! तिला त्याची दया येते. आवाज कापला पाहिजे. मग मी रडेन." आणि ते खरोखरच रडायचे. दर तालमीला, धोतराचा सोगा डोळ्यांना लावून. ते धोतर त्यांनी खास त्यासाठी आणलं होतं.

घरी मी आरशासमोर कापऱ्या आवाजाचा सराव करत होते. माझी वहिनी हायस्कुलात संस्कृत शिकवायची. ती वह्या तपासता तपासता थांबली.

"काय गो, कोणाला एवढी माया लावतेस?"

"प्रधानाला. बिचारा भाजलाय."

"भाजलाय?" वहिनी इतकी हसली की आई आतून बघायला आली. "अगो, दुर्विदग्ध म्हणजे अर्धवट शिकलेला आणि वर तोरा मिरवणारा! ती त्याला शिवी देतेय."

मी संवाद पुन्हा वाचला. पुढची-मागची वाक्यं पहिल्यांदाच एकमेकांना जुळली. इतके दिवस मी एका कारस्थानी माणसाचं सांत्वन करत होते.

दुसऱ्या दिवशी मी भीत भीत साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमच्या वहिनी शाळेत शिकवतात ना? शाळेपुरता तो अर्थ ठीक आहे. नाटकाच्या काळी वेगळा होता."

मी आभार मानले.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं होतं. पहिल्या रांगेत मोठे साहेब सहकुटुंब, मागे आमची वहिनी तिच्या सहकारी शिक्षिकांना घेऊन. शेवटचा अंक आला. साहेब माझ्यासमोर उभे राहिले, सोगा आधीच हातात. आवाज कापरा करायचा असं मी ठरवूनच गेले होते. पण ते दयेची वाट बघणारं तोंड समोर आलं, आणि माझं मलाच कळलं नाही. मी एक पाऊल पुढे गेले आणि त्यांच्या डोळ्यांत बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "दुर्विदग्धा!"

साहेब दचकले. पण तालीम पक्की होती. ते हुंदके देऊन रडू लागले.

शिक्षिकांच्या रांगेत आधी हसू फुटलं. मग त्यांच्या शेजारच्यांनी विचारलं असणार, काय झालं म्हणून, कारण हशा रांगेरांगेने पुढे सरकत आला. आमची माणसं विंगेत तोंडात रुमाल कोंबून उभी होती. टाळ्या थांबेनात. मला भीतीही वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, फार बरंही वाटत होतं.

पडदा पडल्यावर साहेब घाम पुसत माझ्याकडे आले. हा नोकरीचा शेवटचा दिवस, असं मी धरून चालले होते.

"पाहिलंत? रडण्यावर टाळी घेतली," ते म्हणाले. "तुमचा आवाज मात्र आज जरा कोरडा होता. करुणा कमी पडली."

पुढच्या वर्षी त्यांनी सोप्या भाषेतलं नाटक निवडलं. मला त्यात मोलकरणीचं काम होतं, आणि संपूर्ण प्रयोगात एकच वाक्य: "आले, बाईसाहेब."