बर्फाच्या देशातलं बंदर

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. नाव विचारायचं राहूनच गेलं बघा! त्यांच्या मांडीवर केवढा तरी नकाशा, पार माझ्या पिशवीवर आलेला. ध्रुवाजवळचा बर्फाचा देश, त्यांनी स्वतःच्या मनानं रचलेला. इंदापूरच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता, पण बंदर कुठं दाखवायचं तेवढं ठरत नव्हतं. पेन्सिल ओठाला टेकवून त्या सारखी मान तिरकी करायच्या.

पुढच्या सीटवरचे आबा वळून म्हणाले, “ह्या खाडीत काढा की! शेजारी साखर कारखाना टाका, आमी सभासद हुतो!”

सगळी गाडी हसली.

“आबा, तितं पेंग्विनची पिल्लं हायत,” बाई म्हणाल्या.

“मग बंदर लांब पडंल. माणसांनी चालत जायचं व्हय?”

“जातील की. पिल्लांना अजून पोहता येत न्हाय.”

आबा वाकून नकाशात पिल्लं शोधायला लागले. नसलेल्या देशातल्या पिल्लांसाठी माझा तर जीव नुसता वरखाली! बाईंनी बंदर पार दुसऱ्या टोकाला काढलं, तेव्हा मी चक्क टाळी वाजवली.

इंदापूर आलं. माणसं दाराकडं घुसायला लागली, तसे आबा नकाशापुढं हात आडवे करून ओरडले, “कडंनं जावा रं, हितं पिल्लं हायत!”