जामीनदाराला विचारलं का?

शेजारच्या नरसय्यांचा हातमाग पेढीला नेता येणार नाही, असं त्यांच्या वकिलांनी आज दुपारी स्पष्ट सांगितलं. मंडळी, म्हणून हे वाचनालयाच्या फलकावर लगेच लिहितोय.

नरसय्या मित्राच्या या पेढीकडच्या कर्जाला जामीन राहिले होते. आमच्या पेठेत जामिनाचा कागद वाचणं म्हणजे मित्रावर अविश्वास. त्यांनीही न वाचताच सही केली. तारण होतं मित्राचं घर. पेढीनं ते मध्येच परस्पर मोकळं केलं, मित्रानं विकलं आणि कर्ज थकलं.

आज सकाळी पेढीचा वसुली कारकून दारात आला. “जामीनदार म्हणजे कर्जदारच. माग सोडा.”

नरसय्यांची बायको लक्ष्मव्वा मागासमोर उभी राहिली. “गहाण घर सोडलं तवा आमाला इचारलं का ओ? तवा आमी कोन न्हवतो व्हय?”

कारकून रिकाम्या हातानं गेला.

वकील म्हणाले, जामीनदाराच्या संमतीशिवाय तारण सोडलं, तर तेवढ्या किमतीपुरता तो मोकळा होतो. आणि घर कर्जाहून मोठ्या किमतीचं होतं.

सोमवारी हेच कोर्टात मांडायचं आहे. पेठेतले सगळे जामीनदार सोबत जाणार आहेत, आपापला कागद आधी वाचून. तुम्ही तुमचा वाचलाय?