दुसऱ्या डिव्हिजनचे आलुबोंडे

शहराबाहेरच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात नत्थूजी मालाची वजनं लिहीत. ती पोटापाण्याची नोकरी. जीव मात्र त्यांचा नवजवान फुटबॉल क्लबात होता. लहानपणी गाडीच्या चाकाखाली पाय सापडला तेव्हापासून ते लंगडत चालत, त्यामुळे चेंडूला त्यांचा पाय कधी लागलाच नाही. पण क्लबाचे खजिनदार म्हणून वीस वर्षांत एक रविवार त्यांनी चुकवला नव्हता.

एकाहत्तर साली शेवटची मॅच एका गोलाने गेली आणि क्लब पहिल्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात घसरला. पोरं मैदानावर बसून रडली. नत्थूजी रडले नाहीत. या घसरणीचा अर्थ त्यांना पुढे हळूहळू कळत गेला. पहिल्या डिव्हिजनच्या मॅचला तिकीट असे आणि त्यातला वाटा क्लबाला मिळे. दुसऱ्या डिव्हिजनच्या मॅची उघड्या मैदानात, तिथे कोण तिकीट काढणार? दर दसऱ्याला अकराशे रुपये देणारा कापडाचा व्यापारी म्हणाला, "पहिल्यात होते तवा नाव होत होतं, भाऊ. आता कायचं?" दोन चांगले फॉरवर्ड दुसऱ्या क्लबाने उचलून नेले. बूटवाल्याची उधारी तशीच राहिली.

दिवाळीनंतर कमिटी बसली. अध्यक्ष मनोहरराव वाईट माणूस नव्हते, पण हिशेबी होते. म्हणाले, "क्लबाची खोली विकू, उधारी फेडू, अन् इज्जतीनं कुलूप लावू."

"एक सीझन द्या मले," नत्थूजी बोलून गेले. कशाच्या जोरावर बोललो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

घरी आल्यावर ताटातली भाकर तशीच राहिली. पंचफुलाबाई समोर बसल्या. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण त्यांनी एकही मॅच पाहिली नव्हती. फुटबॉलला त्या सरळ सवत म्हणत.

"काहून जेवून नाही राहिले?"

नत्थूजींनी सगळं सांगितलं. तिकीट बंद झाल्याचं दुःख तर दोनदा सांगितलं.

"मॅच पाहाले कोनी येऊन राहिलं का नाही?"

"येतात ना. दोनेकशे लोक तरी येतात. फुकटच आहे."

"मंग? तिकीट बंद झालं म्हून लोकाईची भूक बंद झाली का?"

पुढच्या रविवारी मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली स्टोव्ह पेटला. पंचफुलाबाईंनी ऐंशी आलुबोंडे तळले आणि हाफटाइम संपायच्या आत कढई रिकामी झाली. सवतीचं तोंड पाहायचं नाही म्हणून त्या मैदानाकडे पाठ करून बसल्या होत्या. तिसऱ्या रविवारी त्यांनी बूड फिरवलं. होळीपर्यंत चालतील म्हणून आणलेले बटाटे संक्रांतीतच संपले, तोवर त्या झारा उगारून रेफरीशी भांडू लागल्या होत्या.

"अवं, फाउल नव्हता तो," नत्थूजी दबक्या आवाजात म्हणत.

"तुमी गप बसा. मले दिसते."

पोरांसाठी त्यांनी एक कायदा केला. हरले तर बोंड्याचे पैसे मोजायचे, जिंकले तर पोटभर फुकट. त्यामुळे खजिनदाराची मोठी पंचाईत झाली. क्लब जिंकला की त्यांना आनंद व्हायचा, पण अकरा पोरं कढईकडे धावत निघाली की ते बोंडे मोजायला लागायचे. तरी दोन वर्षांत बूटवाल्याची उधारी फिटली. खोलीला कुलूप लागलं नाही. मनोहररावांनी भरल्या कमिटीत पंचफुलाबाईंना साडी दिली. त्यांनी ती घेतली आणि वर म्हणाल्या, "यापेक्षा मोठी कढई दिली असती!"

अशी बारा वर्षं गेली. मग त्र्याऐंशीत क्लब पुन्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला. गुलाल उधळला, तोच कापडाचा व्यापारी चेक घेऊन हजर झाला. नत्थूजींनी चेक घेतला आणि क्लबाच्या पोस्टातल्या बचत खात्यात टाकला. पुढच्या घसरणीला लागेल म्हणाले.

पहिल्या डिव्हिजनच्या मोठ्या मैदानावर चहा-नाश्त्याचा ठेका दुसऱ्याचा होता. तिथे स्टोव्ह लावायला परवानगी नव्हती. बायकोला हे कसं सांगावं, या विचारात नत्थूजींनी तीन दिवस काढले. शेवटी शनिवारी संध्याकाळी, पंचफुलाबाई बटाटे आणायला पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा त्यांना बोलावंच लागलं.

त्या उंबऱ्यावर थांबल्या. मग पिशवीची घडी घालत म्हणाल्या, "बारा वर्सं झाली, अर्धी मॅच तर मले धुरातूनच दिसे. किती गोल तर लोकाईच्या ओरडन्यावरून समजले."

"मंग येशील ना उद्या?"

"येईन ना. पन तिकीट काढा माहं. खजिनदाराची बायको फुकट घुसली, असं कोनी म्हनाले नाही पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नत्थूजी खिडकीसमोर रांगेत उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच क्लबाच्या मॅचची तिकिटं विकत घेतली. दोन घेतली. शेजारशेजारची.