बँकॉकमधलं सुतक

अठरा नोव्हेंबर. सकाळी साडेसात. बँकॉकच्या एका बेताच्या हॉटेलात मी अकरा पासपोर्ट मोजून पिशवीत ठेवत होते. तेवढ्यात भारतातून फोन आला.

"मॅडम, रमाकांत बोलतोय, जांभूळवरून. आय गेली. पहाटे."

मी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात टूर मॅनेजर आहे. परदेशाच्या स्वस्त सहली आमच्याकडे होतात. तीन रात्री, चार दिवस, नाश्ता हॉटेलचा, बाकी ज्याचं त्यानं. या वेळी जांभूळ गावातल्या अकरा बायका होत्या. सगळ्या एकाच भावकीतल्या सुना. भिशीचे पैसे साठवून आलेल्या. बॅगेत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. चटणीचा डबा उघडला तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी वर येऊन विचारून गेली होती, काही बिघडलंय का म्हणून.

रमाकांत म्हणजे ग्रुपमधल्या वनिताताईंचा नवरा. गेली ती वनिताताईंची सासू. बरीच वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं वनिताताईच करायच्या. निघताना त्यांचा पाय निघत नव्हता, तर म्हातारीच म्हणाली होती, "जा गो, मी काय चार दिसांत मरत नाय."

"वनिताला सांगू नका," रमाकांत म्हणाला. "कुनालाच सांगू नका. दुपारी नेतोय. तिथं रडून काय होनार? फिरू द्या त्यांना. आमी पन कोनी फोन करनार नाय."

ग्रुपच्या तिकिटाचं एक असतं. सगळ्यांची नावं एकाच बुकिंगवर असतात. स्वस्त पडतं, पण त्यातलं एक नाव बाहेर काढून तारीख बदलता येत नाही. मी तरी वेगळं तिकीट शोधलं. पहिलं विमान मुंबईला रात्री पोचत होतं. म्हणजे काहीही केलं तरी वनिताताईंना सासू दिसणार नव्हती.

मी ऑफिसला शेठना फोन लावला.

"मॅडम, फॅमिली बोलली ना, नाही सांगायचं? तो खतम. हम टूरवाले है," शेठ म्हणाले.

"पासपोर्ट बाईंचा आहे, शेठ. निरोपही त्यांचाच."

"आप का दिमाग ना... एक रोयेगी तो दस रोयेगी. टूर का क्या?"

मी फोन ठेवला. मला भावनेपेक्षा व्यवहार दिसत होता. अशी बातमी दोन दिवस झाकून राहत नाही. ती भर बाजारात कळण्यापेक्षा बंद दाराआड कळलेली बरी.

नाश्ता झाल्यावर वनिताताईंना जिन्याशी बोलावलं. पिशवीत त्यांनी आदल्या दिवशी घेतलेली रबराची उशी होती. सासूच्या पाठीला. तीच आधी दाखवायला लागल्या. मी सरळ सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. पायरीवर बसल्या.

"कवा नेनार?"

"दुपारी."

"आंघोळ कोन घालल?"

मी रमाकांतला फोन लावून दिला.

"मी बोलतेय," वनिताताई म्हणाल्या. "पानी कडक घ्या. कोमट घालतील बायका. तिला कोमट चालत नाय. आनि डावा हात जोरात धरू नका, दुखतो."

रमाकांत काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन परत दिला.

"ताई, यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. 'यांना' म्हणजे बाकीच्या दहा जणींना. "कानावर पडलं की सगल्यांना सुतक. भावकी हाय आमची. मंग देऊल नाय, मासली नाय, काय नाय. हिराकाकी आयुष्यात पयल्यांदा भायेर पडली. माझं एकटीचं ऱ्हाऊ द्या."

"जमेल?"

"न जमून कुनाला सांगू?"

परदेशी सिमकार्ड फक्त माझ्याकडे होतं, हॉटेलच्या वायफायला वेगळे पैसे पडायचे. पैसे वाचवायला बाकीच्यांना मी माझ्याच फोनवरून हॉटस्पॉट द्यायची. तो बंद केला. पॅक संपला म्हणून सांगितलं.

"काय गो, वायफायचे पैशे घेतलेस ना तू?" हिराकाकी बसमध्ये ओरडली. ती भावकीतली सगळ्यात मोठी सून. "नातवाचं त्वांड बघायचंय मना."

"परवा बघा. नातू पळून जात नाही."

"पलून जानाराच हाय तो, आज्ज्यावर गेलाय!"

बस हसली. वनिताताई शेवटच्या सीटवर बसल्या होत्या.

झोपलेल्या बुद्धाच्या मंदिराशी आलो. वनिताताई म्हणाल्या, मी बाहेर थांबते, चपला सांभाळते.

"का गो?"

"अडचन आली."

"या वयात?" हिराकाकीनं डोळे मोठे केले. "बँकॉकचं पानी लागलं गो हिला! आमाला पन पाजा!"

आत तो सोन्याचा बुद्ध कुशीवर निजलेला. बायकांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मग हिराकाकी म्हणाली, "वनीची सासू बग. अशीच निजते, हात डोक्याखाली घेऊन. फोटू काढ गो ताई, म्हातारीला दाखवू." मी फोटो काढला. घड्याळ बघितलं. जांभूळला तिला उचलायची वेळ झाली होती.

बाहेर वनिताताई अकरा जोड चपला ओळीत लावून भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

संध्याकाळी नदीवरची बोट. ही सहलीतली एकमेव चैन. हिंदी गाणी लागली, बायका नाचल्या. हिराकाकी पदर खोचून नाचली. ताटात मोठाल्या कोलंब्या होत्या. वनिताताईंनी नुसता भात घेतला.

"मेली कोलंबी सोडते! पोटुशी हायस का?"

"दात दुखतो, काकी."

रात्री त्या गादी सोडून खाली फरशीवर झोपल्या. गादी मऊ आहे म्हणून. दुसरा दिवसही असाच काढला. उशी त्यांनी माझ्याकडे दिली. मी ती हॉटेलात ठेवून आले. सामानाचं वजन आधीच जेमतेम बसत होतं.

मुंबईला उतरलो. मी ठरवलं होतं की बाहेर गाडीत बसल्यावर सांगायचं. हे माझं चुकलं. बॅगांच्या पट्ट्याशी उभ्या असताना सगळ्यांच्या फोनना नेटवर्क आलं. एकदम टुणटुण सुरू झाली. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हातारीचा हार घातलेला फोटो होता. खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

हिराकाकीला वाचता येत नाही. फोटो ओळखता येतो.

"कवा?"

एकीनं फोटोखालची तारीख वाचून दाखवली.

"तुला ठाव होतं?" तिनं मला विचारलं.

"हो."

"हिला?"

"मना पन," वनिताताई म्हणाल्या. "पयल्याच सकाली."

हिराकाकी त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटची सीट, चपला, भात, फरशी, सगळं तिच्या डोक्यात जुळत असावं. मला वाटलं ती आता जवळ घेईल.

"आमी नाचलो गो," ती म्हणाली. "तिकडं म्हातारी जलत होती आनि आमी नाचलो. तू नाचू दिलंस."

बॅगा घेऊन त्या बाहेर गेल्या. गाडीत वनिताताईंच्या शेजारी कोणी बसलं नाही. रमाकांत आम्हाला घ्यायला आला होता, डोकं भादरलेलं. तो माझ्याशी बोलला नाही. सांगू नका म्हटलेलं असताना मी सांगितलं होतं. बायका बोलल्या नाहीत. त्यांना मी सांगितलं नव्हतं. वाटेत वनिताताईंनी एकदाच विचारलं, "पानी कडक होतं ना?" रमाकांत म्हणाला, "बायकांनी घातलं. मी कसं सांगू?"

जांभूळची उन्हाळ्यातली दुबईची सहल त्याच संध्याकाळी रद्द झाली. शेठ म्हणाले, "बोला था ना? पार्टी गयी."

या धंद्यात विमान, हॉटेल, जेवण, सगळ्याचं आधी विचारून घेतो. हे एक विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी पुढच्या ग्रुपच्या बायकांना फोन लावायला घेतले. "तुम्ही तिकडे असताना घरी काही झालं, तर तुम्हाला सांगायचं की नाही?"

पहिल्या बाई म्हणाल्या, "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता हो?" आणि फोन ठेवला.

मी दुसरा नंबर लावला.